सतराचा पाढा

प्रतिमाच्या घरी कोणी येणार असलं की आदल्या दिवसापासून धावपळ सुरू व्हायची. सोफ्यावरच्या चादरी बदलायच्या, बाथरूमचा आरसा पुसायचा, देवाजवळची समई घासायची आणि येणारा माणूस अमेरिकन असला तरी शंकरपाळ्यांचा एक घाणा तळायचा. कऱ्हाडला तिच्या माहेरी हीच रीत होती. आई तापानं फणफणलेली असली तरी पाहुण्यासमोर कोणी कण्हायचं नाही. ‘आमचं काय, छान चाललंय’ हे वाक्य त्या घरात चहाच्याही आधी पुढे केलं जायचं. प्रतिमा लग्न होऊन नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलला आली, तेव्हा ते वाक्य तिच्याबरोबर आलं, आणि पुढे कितीतरी गोष्टी सुटल्या तरी ते काही सुटलं नाही.

म्हणूनच राजसला बघायला शेरिल नावाची बाई घरी येणार असं कळल्यावर तिनं जे केलं, त्यात तिला काहीच वावगं वाटलं नाही.

राजस तिचा एकुलता एक मुलगा. चौदा वर्षांचा, बापाच्या खांद्याला लागलेला, नुकतीच मिसरूड फुटलेली. त्याला ऑटिझम होता, शिवाय अधूनमधून फिट्स यायच्या. बोलणं अगदी थोडं. घास हातात दिला तर खायचा, नाहीतर ताटासमोर नुसता बसून राहायचा. दार उघडं दिसलं की चालायला लागायचा तो कॉलनीमागच्या तळ्यापर्यंत थांबायचा नाही. बिनसलं की डोकं भिंतीवर आपटायचा. म्हणून घराच्या दाराला आकड्यांचं कुलूप होतं, दार उघडताच केकाटणारा अलार्म होता, शेगडीच्या बटणांवर प्लास्टिकची झाकणं होती आणि हॉलच्या भिंतीला, राजसच्या कपाळाच्या उंचीवर, एक खड्डा होता.

अशा मुलांना घरीच राहता यावं म्हणून राज्याची एक योजना होती. मुलाला किती मदत लागते ते शेरिलसारखी बाई घरी येऊन बघायची, आणि त्यावरून आठवड्याचे तास ठरायचे. त्या तासांत पगारी मदतनीस घरी यायचा, आणि त्यांतले काही तास आईनं स्वतः केले तर तो पगार आईला. राजस बालवाडीत असताना यतीननं, म्हणजे प्रतिमाच्या नवऱ्यानं, त्या यादीत नाव घातलं होतं. नंबर लागेपर्यंत राजसला मिशा आल्या.

शेरिल यायच्या आदल्या दिवशी प्रतिमानं अलार्म काढून गॅरेजमध्ये ठेवला. शेगडीची झाकणं काढली. भिंतीतल्या खड्ड्यावर कालनिर्णयासारखं मोठं मराठी कॅलेंडर टांगलं. सकाळी राजसला न्हाऊ घालून इस्त्रीचा कुर्ता चढवला. शेरिल आली, बसली, शंकरपाळे नको म्हणाली, आणि प्रतिमानं तीनदा आग्रह केल्यावर एक उचलून तोंडात टाकला.

मग प्रतिमानं राजसला पाढे म्हणायला लावले. ते त्याचं एकच कौतुक होतं. लहानपणी झोपवताना ती त्याला गाण्यासारखे पाढे म्हणून दाखवायची, ते त्याच्या डोक्यात चालीसकट बसले होते. बे एके बेपासून तिसापर्यंत, मांडी घालून, डोलत. दोन बिस्किटांत एक मिळवलं तर किती, हे त्याला सांगता यायचं नाही, पण पाहुण्यांना ते कोण सांगतंय? फक्त सतराच्या पाढ्याला तो पंचेनंतर हमखास अडायचा. तिथं प्रतिमा हळूच ‘सतरा सक एकशेदोन’ म्हणायची आणि गाडी पुढे निघायची. इतकी वर्षं ती ते इतक्या सफाईनं करत आली होती, की समोरच्याला कळायचंसुद्धा नाही. शेरिललाही कळलं नाही. तिनं टाळ्या वाजवल्या.

नंतर तिनं प्रश्न विचारले. स्वतः जेवतो का? हो. रात्री झोपतो का? हो, छान. तुम्हाला हे सगळं झेपतं का, तुमची तब्येत कशी आहे?

प्रतिमानं ओढणी हातांवर ओढून घेतली आणि म्हणाली, “आय ॲम फाइन. मला कोणाची मदत लागत नाही.”

ओढणीखाली तिच्या दोन्ही हातांची बोटं सुजलेली होती. आमवात. चार वर्षं झाली होती त्याला. सकाळी मूठ मिटायची नाही. राजसच्या शर्टाची बटणं लावताना डोळ्यांत पाणी यायचं. पण ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, हे तिनं आपल्या मनाशी ठरवलं होतं आणि त्यामागे तिचा हिशेब पक्का होता. माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर आजाऱ्याला सांभाळणारा असतो. मी आजारी आहे म्हटलं, तर ही बाई म्हणणार, मग तू याला कसली सांभाळतेस? पगार तर जाईलच, उद्या पोरगंही नेतील. अमेरिकेत मुलं नेतात, हे तिनं ऐकलं होतं. कोणाची नेली ते कधी कळलं नव्हतं, पण ऐकलं होतं.

महिन्याभरानं पत्र आलं, आठवड्याला पाच तास. मुलगा शांत आहे, आपल्या हातानं जेवतो, त्याची स्मरणशक्ती चांगली आहे. आई घरी असते, निरोगी आहे, तिला मदत नको आहे.

यतीननं ते दोनदा वाचलं. तो फार बोलणारा माणूस नव्हता. म्हणाला, “हे सगळं तूच सांगितलंस ना?”

प्रतिमाच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की हात असेच वापरत राहिलीस तर दोन वर्षांनी चमचाही धरता येणार नाही. मग राजसला दूर कुठल्या तरी निवासी संस्थेत ठेवायचं, एवढाच रस्ता उरत होता. यतीननं त्या संस्थांची नावं काढून ठेवली होती. प्रतिमाला ते ठाऊक होतं. तिनं त्याबद्दल त्याला कधी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.

आता हे एवढं झाल्यावर प्रतिमाला राग कोणाचा यावा? स्वतःचा नाही, शेरिलचा नाही. तिला राग आला देवयानीचा.

देवयानी मूळची नागपूरची. ओहायोतल्या डब्लिनला काही वर्षं काढून ती इकडे आली होती. तिची मुलगी सिया राजसपेक्षा वर्षानं लहान, जन्मापासून व्हीलचेअरवर, बोलता न येणारी. स्वतः देवयानीला एमएस होता, मज्जातंतूंचा आजार. कधी पाय उचलायचे नाहीत, कधी हातातली वस्तू गळून पडायची, आणि मधले काही दिवस ती अगदी तुमच्या-आमच्यासारखी असायची. तिला स्वतःच्या आजारासाठी सरकारकडून दरमहा डिसॅबिलिटी, म्हणजे अपंगत्वाचा भत्ता, मिळत होती. सियाच्या नावानं भरपूर तास मंजूर होते. आणि त्यांतले थोडे तास ती स्वतः सियाची मदतनीस म्हणून पगार घेऊन करत होती.

दोन्ही. एकाच वेळी. ही गोष्ट प्रतिमाच्या घशाखाली उतरत नव्हती.

आजारी म्हणूनही घ्यायचे आणि धडधाकट म्हणूनही? भांडी घासताना, राजसला भरवताना, लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून असताना ती मनातल्या मनात देवयानीशी भांडायची. देवयानीचे केस कसे अजून काळे. देवयानीचा नवरा, श्रीराम, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तिची खुर्ची कशी आधी पुसतो. देवयानी स्वतःच्या व्हिसावर आलेली, अकरा वर्षं नोकरी केलेली, म्हणून तिच्या आजाराला किंमत. प्रतिमा बी.एस्सी. फर्स्ट क्लास, पण बारा वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर घरात. काम करायची परवानगीच नव्हती. पुढे परवानगी मिळाली तेव्हा राजसला सोडून जाणार कुठे? ती जी बारा-चौदा वर्षं राबली ती कोणत्याच खात्यावर जमा नव्हती. हातांची बोटं दोघींचीही कामातून गेली होती, पण देवयानीची सरकारदरबारी गेली होती आणि प्रतिमाची नुसतीच गेली होती.

गणपतीच्या वेळी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकीनं घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, हॉलच्या स्वयंपाकघरात पाचसहाजणी होत्या. सीमाकाकू पातेल्यातली मसालेभाताची खरड काढत म्हणाल्या, की देवयानी म्हणे दोन्हीकडून घेते. कोणीतरी म्हणालं, अहो, मागच्या वेळी तर काठी होती, आज नाहीये. प्रतिमा कोशिंबीर कालवत होती. मान वर न करता ती म्हणाली, “काठीचं काय, मूड असेल तशी येते.”

सगळ्या हसल्या. सीमाकाकूंना तर उचकी लागली. त्या हसण्याची ऊब प्रतिमाला घरी पोचेपर्यंत पुरली. स्वयंपाकघरातून बाहेर निघताना तिला दिसलं, देवयानी दाराशीच उभी होती, सियाच्या पाण्याची बाटली भरायला आलेली. चेहऱ्यावर काही नव्हतं. ऐकलं असेल का? प्रतिमानं स्वतःला समजावलं, की पंख्याचा आवाज केवढा होता.

त्याच रात्री ती यतीनला म्हणाली, की अशा लोकांची तक्रार करायला एक फोन नंबर असतो. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी देवयानीला पार्किंगमध्ये सियाला उचलून गाडीत ठेवताना पाहिलं होतं.

“काय सांगणार फोन करून?” यतीन म्हणाला. “एक आजारी बाई स्वतःच्या मुलीला उचलते?”

प्रतिमानं पाठ फिरवली. पण नंबर तिच्या फोनमध्ये बरेच दिवस होता.

पाच तासांच्या निर्णयावर अपील करता येत होतं. यतीननं ते केलं, आणि शेरिल पुन्हा येणार असं ठरलं. मग त्यानं प्रतिमाला न विचारता देवयानीला फोन लावला. ती या सगळ्यातून गेलीय, तिला ठाऊक असणार, एवढाच त्याचा विचार. प्रतिमा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. देवयानीचा निरोप मात्र आला होता, की सियाचा दरवर्षीचा आढावा गुरुवारी आहे, प्रतिमाला त्या वेळी येऊन नुसतं बसू दे.

जावं लागलं. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून तिनं नारळाच्या वड्या केल्या. किसणीवर हात चालेना, तेव्हा फ्रोझन खोबरं वापरलं आणि त्याचंही तिला देवयानीपुढे कमीपण वाटलं.

देवयानीनं दार उघडलं. काठी टेकून उभी होती. “ये. आज मूड आहे ना, म्हणून काठी काढली.”

प्रतिमाच्या कानशिलांत रक्त चढलं. देवयानी मात्र वळून आत निघालीसुद्धा होती. त्या विषयावर ती पुन्हा एक शब्द बोलली नाही, त्यामुळे प्रतिमाला माफीही मागता आली नाही.

घरात पसारा होता. सोफ्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग, त्यात सियाचे डायपर, टेबलावर अर्धवट संपलेली पेज, छताला टांगलेली सियाला उचलायची झोळी. प्रतिमाला राहवेना. तिनं ढिगातला एक टॉवेल उचलून घडी घालायला घेतला.

“ठेव ते,” देवयानी म्हणाली.

“अगं, लोक येणार आहेत.”

“म्हणूनच ठेव.”

प्रतिमाला आतल्या आत आसुरी आनंद झाला. म्हणजे हे असं असतं तर. मांडून ठेवलेलं. देवयानीनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं असावं, कारण ती म्हणाली, “मी मांडलेलं नाही गं. सकाळपासून हात चालून नाही राहिला, म्हणून आवरलं नाही. तू यायच्या आधी जसं होतं तसं आहे.”

मग आढावा घेणारी बाई आली. तिला कोणी चहा विचारला नाही. ती विचारत गेली आणि देवयानी सांगत गेली, सिया शेजारी व्हीलचेअरमध्ये बसलेली असताना. सियाला तेराव्या वर्षी डायपर लागतात. पाळी सुरू झाल्यापासून ते दिवस ती रडून काढते. तिला कुशीवर वळवायला रात्री तीनदा उठावं लागतं. मागच्या हिवाळ्यात बाथरूममध्ये देवयानीचे पाय एकदम गेले आणि सिया तिच्या हातातून निसटली. श्रीराम ऑफिसमधून येईपर्यंत दोघी फरशीवर पडून होत्या. देवयानी तिला गोष्टी सांगत होती म्हणे.

प्रतिमाला हे ऐकवेना. पोटच्या पोरीबद्दल असं बोलायचं? परक्या बाईसमोर, तिच्यादेखत?

बाईनं विचारलं, की तुम्हाला स्वतःला डिसॅबिलिटी मिळते, आणि तुम्ही सियाच्या मदतनीसही आहात. वाईट दिवशी हिचं कोण करतं?

“मीच करते. वाईट करते,” देवयानी म्हणाली, आणि हसली. “चांगल्या दिवशी ठरलेले तास मी भरते, ते दर महिन्याला डिसॅबिलिटीवाल्यांना कळवते. वाईट दिवशी दुसरं माणूस हवं. म्हणून तर तास मागतेय.”

बाईनं मान डोलावली, लिहून घेतलं. कोणी ओरडलं नाही. कोणी सियाला उचलून नेलं नाही. प्रतिमा बघत राहिली. तिनं जे ओढणीखाली झाकलं होतं तेच देवयानीनं टेबलावर ठेवलं होतं, आणि त्यामुळे तिचे तास कमी न होता उलट टिकले होते.

बाई गेल्यावर देवयानी सिंकपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. नळ नुसताच सोडला होता.

“वर्षातून एकदा तिची अशी लाज काढायची,” ती म्हणाली. “तिला सगळं समजतं. मग दोन दिवस माझ्याकडे बघत नाही.” मग नळ बंद करून म्हणाली, “तुझा राजस पाढे म्हणतो ना गणपतीत, मी बाहेर जाऊन उभी राहते. सियाच्या तोंडून एकदा ‘आई’ निघालं असतं तर मी हे दोन्हीकडचे पैसे परत केले असते. फार हेवा वाटतो गं तुझा.”

प्रतिमा नाही नाही म्हणाली, डोळे पुसले. पण आत कुठेतरी तिला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय हेही तिला स्पष्ट कळत होतं. घरी जाताना सिग्नलला थांबली असताना तिनं फोनमधला तो नंबर काढून टाकला. चांगुलपणानं नव्हे. देवयानीनं हेवा वाटतो म्हटल्यावर त्याची गरज उरली नव्हती.

शेरिल यायच्या आदल्या दिवशी प्रतिमाला स्वतःच्याच घरात बसवेना. हात सारखे फडक्याकडे जात होते. अलार्म, शेगडीची झाकणं, सगळं जागेवर होतं. यतीननं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. खड्डा पहिल्यापेक्षा मोठा दिसला. शंकरपाळे तिनं केले नाहीत, आणि आपण कोणाच्या तरी मयताला चाललोय असं तिला दिवसभर वाटत राहिलं.

शेरिल आली. तिला बघताच राजस उठून आत गेला आणि कपाटातून इस्त्रीचा कुर्ता घेऊन आला. पाहुणा म्हणजे कुर्ता, आणि कुर्ता म्हणजे पाढे, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. बनियनवर तो कुर्ता उलटा चढवून तो मांडी घालून बसला आणि डोलायला लागला. बे एके बे.

“आय रिमेंबर धिस,” शेरिल खूश होऊन म्हणाली.

प्रतिमानं सांगायला सुरुवात केली. शब्द सापडेनात, तेव्हा तिनं आधी हातच पुढे केले. ही बोटं. मागच्या वेळी मी सांगितलं नाही. याला घास मी करून देते. याची बटणं आता यतीन ऑफिसला जाण्याआधी लावतो. मार्चमध्ये हा तळ्यात कमरेपर्यंत गेला होता, मी धावले पण मला तो ओढवेना, शेजारच्या माणसानं काढला. ती बोलत होती आणि मागे राजस बाराचा, तेराचा, चौदाचा पाढा म्हणत होता. मुलगा इतकं सुरेख म्हणतोय आणि आई त्याचं नसेल ते काढतेय, असं तिला वाटत होतं. शेरिलची नजर मधूनमधून त्याच्याकडे जात होती. तिच्या चेहऱ्यावर अजून तेच कौतुक होतं.

सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. प्रतिमा बोलायची थांबली.

सतरा पंचे पंच्याऐंशी.

राजस थांबला. आईकडे बघून त्यानं वाट पाहिली.

शब्द तिच्या जिभेवर होते. म्हटले असते की तिसापर्यंत तो सरळ गेला असता, शेरिलनं टाळ्या वाजवल्या असत्या आणि सगळं छान झालं असतं. प्रतिमानं ओठ मिटून घेतले.

सतरा पंचे पंच्याऐंशी, राजस पुन्हा म्हणाला. मग मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं, उठून उभा राहत. पुढच्या वेळी तो भिंतीपाशी होता आणि त्याचं कपाळ त्या खड्ड्यावर आदळत होतं. प्रतिमा धावली. तिनं दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं, पण बोटं मिटेनात, डोकं तिच्या हातातून निसटून पुन्हा आदळलं. यतीन मागून आला. शेरिल उठून उभी राहिली होती, काय करावं ते न समजून. त्या तिघांच्या धडपडीत प्रतिमानं राजसच्या कानाशी तोंड नेलं.

“सतरा सक एकशेदोन. म्हण बाळा. सतरा सक एकशेदोन.”

तो थरथरत थांबला. मग म्हणायला लागला. तिसाचा पाढा पुरा झाल्यावरच शेरिल खाली बसली. त्याच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं.

देवयानीनं पसारा मांडून ठेवला असं तिला वाटलं होतं. आणि आता तिनं काय केलं होतं? शब्द तिच्याजवळ असताना तिनं तो दिला नव्हता. पुढे कितीतरी दिवस राजसच्या कपाळाला तेल लावताना हा प्रश्न तिच्यापुढे यायचा, आणि ती घाईघाईनं बाटलीला बूच लावायची.

तास मिळाले. भरपूर मिळाले. दुपारी एक मदतनीस येणार होती, आणि थोडे तास, हातांना झेपतील तेवढे, प्रतिमाचे. पगारी. यतीननं त्या संस्थांची यादी कधी फेकली ते तिला कळलं नाही, पण त्याच्या ड्रॉवरमध्ये ती आता नव्हती.

सांगायला ती देवयानीकडे गेली. या वेळी खोबरं ताजं होतं, यतीननं किसून दिलेलं. देवयानीचा वाईट दिवस होता. सोफ्यावर पाय वर घेऊन ती पडली होती, सिया खिडकीपाशी उन्हात. प्रतिमानं आधी विचारून घेतलं, की तिच्या स्वतःच्या हातांसाठी काही मिळू शकेल का. देवयानीनं नीट समजावून सांगितलं. तिची डिसॅबिलिटी तिच्या नोकरीच्या वर्षांवर होती, दर पगारातून कापलेली. प्रतिमाची तशी वर्षं भरत नव्हती. राजससाठी केलेली वर्षं त्यात धरत नाहीत. ते तास ही वेगळी गोष्ट.

प्रतिमाला पुन्हा ती जुनी कळ आली, छातीत डावीकडे, ओळखीची. हे एक कधीच फिटणार नव्हतं.

“बरं, ते सोड,” देवयानी म्हणाली. “तास किती मिळाले?”

प्रतिमानं आकडा सांगितला.

देवयानीच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, ओठ किंचित आवळले, नजर सियाकडे जाऊन परत आली. दुसऱ्या कोणाला ते दिसलं नसतं. प्रतिमा तोच चेहरा कितीतरी वर्षं घालून वावरली होती, तिला तो अंधारातही ओळखू आला असता.

“काय गं,” देवयानी म्हणाली, “आमच्यापेक्षा जास्त?”

“मूड असेल तसे देतात,” प्रतिमा म्हणाली.

देवयानी आधी बघतच राहिली. मग हसायला लागली, पोट धरून, पाय सोफ्यावरून खाली घसरेपर्यंत, आणि सियाही खिडकीपाशी तोंड उघडून आवाज करायला लागली, तिचा हसण्याचा असतो तो. प्रतिमानं देवयानीचे पाय उचलून वर ठेवले. मग शेजारच्या ढिगातला टॉवेल मांडीवर घेऊन, बोटं वळतील तशी, घडी घालायला लागली. या वेळी देवयानी ठेव म्हणाली नाही. वडीचा तुकडा तोंडात टाकून म्हणाली, “खोबरं किसलेलं दिसतंय. कोणी किसलं?”

“यतीननं.”

“आमचा श्रीराम नाही किसत,” देवयानी म्हणाली.

प्रतिमानं दुसरा टॉवेल घेतला. तिला फार बरं वाटलं.